दाराजवळचा मेन

"तिले काय इचारतो मध्या? तिचा आवाज मी तिच्या बारशाले आयकला, त्याच्यानंतर नही."

हे वाक्य बसच्या खालून आलं. लोटूभाऊ पाठीवर झोपून चासीला वायर बांधत होते आणि पप्पा उकिडवे बसून त्यांना टॉर्च दाखवत होते. पंखा पलंगाच्या डोक्याशी लावायचा की पायाशी, एवढाच प्रश्न होता, आणि पप्पा म्हणाले होते, पोरीला विचारू, ती विजेचाच डिप्लोमा करते. त्यावर लोटूभाऊंचं हे उत्तर. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, बसच्या आत, पलंगाच्या उघड्या फळीवर बसलेली आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. पप्पा हसले. मला त्या हसण्याचा राग आला नाही. पप्पा त्या उन्हाळ्यात हसायला लागले होते आणि ते हसणं माझ्यावर असलं तरी मला चालत होतं. मी फळीवरून न उठता तशीच बसून राहिले, आवाज होऊ नये म्हणून पायही हलवला नाही.

ती बस आमच्या ओळखीची होती. जळगावातल्या माझ्या इंग्रजी शाळेची ती बस, आणि पप्पा तिचे ड्रायव्हर. ती रात्री आमच्याच घरामागे, असोद्याला उभी राहायची, त्यामुळे सकाळी बसमध्ये चढणारी पहिली मी आणि दुपारी उतरणारी शेवटची मी. नशिराबादची मुलं चढेपर्यंत बसमध्ये आम्ही दोघंच असायचो. पप्पा समोर बघायचे, मी खिडकीतून बाहेर. रिकाम्या बसचे आवाज मला पाठ होते: मागच्या दाराची कडी, सैल झालेली सातवी खिडकी, गिअर बदलताना पायाखालून येणारी गुरगुर. मुलं चढली की त्या आवाजांवर दुसरा गोंगाट पसरायचा आणि मी आणखी गप्प व्हायचे. शाळेत इंग्रजीत बोलावं लागे, ते माझ्याकडे व्याकरणासकट होतं पण तोंडातून निघत नसे. गावात लेवा बोली, ती कानाला येई पण जिभेवर आणली की मुली म्हणत, "मॅडम नाटक करते." मधल्या मधे मी न बोलण्याची सवय करून घेतली. शाळेने जुन्या बसगाड्या मोडीत काढल्या तेव्हा पप्पांची नोकरीही त्यांच्याबरोबर संपली. पप्पांनी संस्थेकडून दुसरं काही न मागता तीच बस मागून घेतली. पिवळ्या रंगावर त्यांनी स्वतः पांढरा रंग मारला, दोन हात. तरी तिरकं ऊन पडलं की शाळेच्या नावाची अक्षरं खालून दिसत.

बसचं घर करायचं, हे वेड नव्हतं. मम्मी धुळ्याच्या पलीकडे एका ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. बदली होऊन सहा वर्षं झाली होती. तिथल्या क्वार्टरच्या एका खोलीत दोन सिस्टर राहत आणि कॉट एकच होती. एक दिवसपाळीला गेली की दुसरी त्यावर झोपे. मम्मी शनिवारी संध्याकाळी येई, तिच्या पिशवीला स्पिरिटचा वास असे, आणि आल्या आल्या ती ओट्याशी उभी राहून डाळ भिजत घाले. रविवारी सकाळी त्या डाळीचे रश्शातले डुबुकवडे, दुपारी चार वाजता परतीची गाडी. मधल्या वेळात ती झोपलेली असे. मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसे आणि तिचा श्वास ऐके. सहा वर्षांत माझं आणि मम्मीचं जे काही नातं होतं ते बरंचसं असं, ती झोपलेली असताना झालेलं. रुग्णालयाच्या आवाराच्या मागे मोकळी जागा होती आणि तिथे गाडी उभी करायला तिथल्या डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. पप्पांचा हिशेब साधा होता: मम्मीला घरी येता येत नाही, तर घर मम्मीकडे न्यायचं.

मार्चपासून काम सुरू झालं. खुर्च्या काढल्या त्या अंगणात रांगेने ठेवल्या, कितीतरी दिवस शेजारच्या अक्का त्यांवर वाळवणाची सुपं ठेवत. अक्का आम्हाला भाकरी देत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, ठेच्याबरोबर. पप्पा फार तर खिचडी करत. उन्हं चढली की असोद्यात सगळं बंद होई. केळीच्या गाड्या पहाटेच जळगावकडे निघून गेलेल्या असत, गच्च्यांवर बाजांवर घातलेले ज्वारीचे पापड, बिबडे, कडक होत, कूलरच्या ओल्या गवताचा वास गल्लीत येई, आणि त्या शांततेत फक्त आमच्या बसमधून हातोडीचा आवाज. पप्पांनी पलंग केला, मम्मीच्या उंचीचा. ओटा केला, तोही मम्मीच्या उंचीचा. मापं त्यांना विचारावी लागली नाहीत. दिवसभरात आमची दोघांची पाच-सहा वाक्यं होत. "पाणी दे." "स्क्रू." "जेवली का?" ती वाक्यं सोडली तर मी पलंगाच्या बाजूला बसून पॉलिश पेपर घासत असे.

मग लोटूभाऊ आले. ते पप्पांचे शाळेतले मित्र, गावात मंडपाचं आणि लायटिंगचं काम. असोदा, नशिराबाद ते थेट फैजपूरपर्यंत कुठलंही लग्न असो, लुकलुकणारी कमान त्यांची. त्यांनी बस पाहिली आणि म्हणाले, "मध्या, याच्यातली लाइट माही. दुसऱ्या कोनाले हात लावू दिला तं मंडप तुह्या डोक्यावर पाडीन." त्या दिवसापासून ते रोज येत. पप्पांना सकाळी दाढी करावीशी वाटू लागली. दोघं शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत, लोटूभाऊ मला "मॅडम, च्या!" अशी हाक मारत, आणि मी चहा नेऊन देई तेव्हा त्यांचं बोलणं थोडं थांबे आणि मी वळले की पुन्हा सुरू होई. चहाचा ट्रे रिकामा होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत असे. घरात इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

लोटूभाऊंनी वायर आणली ती मंडपाची, लाल-हिरवी, पिळाची, लग्नांतून उरलेली. मागे पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. तिथून वायर तळाच्या पत्र्याला भोक पाडून खाली, चासीच्या कडेने थेट पुढे दारापर्यंत. आणि दाराजवळ एक सुबक लाकडी पेटी, तिच्यात मेन स्विच आणि चिनी मातीचा फ्यूज. फ्यूज फक्त तिथेच. पप्पांनी एकदा विचारलं, बॅटऱ्या मागे तर मेन पुढे कशाला? लोटूभाऊ म्हणाले, "घराचा मेन कुढी असतो रे? दाराजवळ. देव देवघरात अन् मेन दारात. घर हाय का गाडी हाय हे?" पप्पा म्हणाले, "घर आहे." "मंग झालं त." आणि शॉकचं काय, असं कुणी विचारलं की ते दोन्ही बॅटरीच्या टोकांना बोटं लावून दाखवत. "बारा व्होल्ट! चिमटा बी बसत नही. माह्या मंडपात दोनशे तीस खेळतात पोट्टे."

त्यांचं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. पण दाब कमी असला की तेच काम करायला प्रवाह कितीतरी जास्त लागतो आणि बारीक वायर त्या प्रवाहाने तापते. घराला लाइट बाहेरून येते, म्हणून घराचा मेन दारात. बसमध्ये लाइट मागून, बॅटरीतून येते. बॅटरीपासून दारापर्यंतच्या त्या सगळ्या लांबीवर काही झालं, वायर कुठे पत्र्याला टेकली, तर दारातला फ्यूज काहीच करू शकत नाही. तो त्या वाटेत नाहीच. आज माझं हेच काम आहे. लोक गाड्या घेऊन येतात आणि मी त्यांना केळीच्या बागेचं उदाहरण देते. टाकी बुटकी असली तर पाइप मोठा घ्यावा लागतो, आणि व्हॉल्व्ह मोटारीजवळ बसवतात, बांधाच्या पलीकडे नाही. लोटूभाऊंची स्वतःची दीड एकर केळी होती. त्यांना हे एका वाक्यात कळलं असतं. पण ते वाक्य मला सापडायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा माझ्याकडे होते ते डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचे इंग्रजी शब्द, आणि कानात इअरफोन घालून खोलीत एकटीने पाहिलेले परदेशी लोकांचे व्हिडिओ. त्यांतली माणसं बसमध्ये घरं करत होती, कॅमेऱ्याशी सतत बोलत होती आणि प्रत्येक जण सांगत होता की पहिला फ्यूज बॅटरीच्या शेजारी. मी वहीत गणित मांडलं. पंखे दोन, दिवे आठ, पाण्याचा पंप, छोटा फ्रीज. बेरीज केली, वायरची जाडी पाहिली, पुन्हा बेरीज केली. तिसऱ्यांदाही तेच आलं.

मग एका दुपारी त्यांनी सगळं लावून पाहिलं. दिवे लागले, पंखा फिरला, पप्पांनी टाळी वाजवली. नंतर त्यांनी ओट्यावरचा नळ सोडला, पंप सुरू झाला, आणि त्याबरोबर दिवे पिवळे पडले, पंखा मंदावला. "नवी हाय, बसल हळूहळू," लोटूभाऊ म्हणाले. ते दोघं जेवायला गेल्यावर मी पलंगाखाली सरकले आणि वायरीवर हात ठेवला. कोमट होती. एप्रिलमध्ये खानदेशात सगळंच कोमट असतं, मी स्वतःला म्हटलं. पण शेजारचा पत्रा तितका गरम नव्हता. पुढे सरकत भोकापर्यंत गेले. पत्रा छिन्नीने फोडला होता, कड करवतीसारखी, आणि ओढून घेताना वायरीची लाल साल तिथे खरवडली होती. आत तांबं चमकत होतं. बॅटरीचं दुसरं टोक बसच्या पत्र्यालाच जोडलेलं होतं. तांबं आणि पत्रा यांच्यामधे एवढीशी साल उरली होती, आणि वर मम्मीचा पलंग, प्लायवूड, त्यावर फोमची गादी, कापसाच्या रजया.

मी काय केलं? पप्पांच्या डब्यातली काळी टेप आणली आणि त्या जागी गुंडाळली. चार वेढे, पाच वेढे, सहा. मग बाहेर येऊन ओढणीवरची धूळ झटकली. त्या दिवसाबद्दल मला अजून लाज वाटते ती टेपेची. आपण बघितलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. मी बघितलं आणि झाकलं.

बोलता येत नाही तर लिहावं, असं ठरवून मी एक कागद तयार केला. त्यावर बसची आकृती, बॅटरी, वायर, भोकाच्या जागी फुली, फ्यूज कुठे हवा तिथे बाण, आणि खाली सगळं गणित. शाळेत शिकवतात तसं, नीट, समास सोडून. तो पप्पांच्या स्क्रूच्या डब्यात अगदी वर ठेवला. दिवसभर मी त्यांच्या हाताकडे बघत होते. संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला होता, ओला रंग असल्यासारखा. म्हणाले, "तुझा अभ्यासाचा कागद माझ्या डब्यात आला होता. तेल लागलं असतं. नीट ठेव." आणि तो माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी तो इंग्रजीत लिहिला होता. अठरा वर्षं इंग्रजी शाळेची बस चालवणाऱ्या माझ्या बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विजेचं लिहायचं म्हटल्यावर हाताने तीच भाषा उचलली होती. तो कागद मराठीत पुन्हा लिहायला मी दोनदा बसले. पण मला दाराआडून येणारं ते दोघांचं हसणं ऐकू येई. लोटूभाऊंनी महिनाभर एक पैसा न घेता, उन्हात झोपून हे काम केलं होतं. ते चूक आहे म्हटल्यावर ते उद्या येणार नाहीत, आणि पप्पा परत पाच-सहा वाक्यांवर येतील, हे मला दिसत होतं. मी वही मिटली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या बहिणीला माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. पप्पांनी बस घेऊन मम्मीला आणायला जायचं ठरवलं तेव्हा गल्लीला विषय मिळाला. "बायकोले आनाले नवराच मुराळी!" अक्का ओट्यावरून ओरडत. "मधूभाऊ, फेटा बांधा बर का!" मम्मीने दोन दिवस सुटी काढली होती. आदल्या दिवशी तिचा फोन आला, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. "मी पप्पांना सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "गाडीत बसले की मला कोणी उठवायचं नाही. धुळ्यापासून असोद्यापर्यंत त्या पलंगावर आडवी. पत्र्याचा कितीही आवाज होऊ दे. तू तिथे कोपऱ्यात बस पुस्तक घेऊन, तशीच." मी म्हटलं, हो. मग तिने विचारलं, "काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, नाही. तिला वॉर्डातून हाक आली.

सकाळी बसची पूजा होती. दाराला आंब्याचं तोरण, बॉनेटवर हळदीकुंकू, आणि मेनच्या त्या लाकडी पेटीवर लोटूभाऊंनी स्वतः काढलेलं स्वस्तिक. अक्कांच्या घरात खापरावर पुरणपोळ्या टाकायला सुरुवात झाली होती, त्याचा खमंग वास बसपर्यंत येत होता. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली. लोटूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मागे जाऊन बॅटऱ्या जोडल्या, नट आवळले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आता नारळ पुढं फोडा, अन् मेन कोन्या लेकीच्या हातानं." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी पाठीवर हात ठेवून मला पायरीवर चढवलं. आत सगळे स्विच आधीच चालू करून ठेवलेले होते, पंखे, दिवे, पंप, फ्रीज, म्हणजे मेन दाबला की एकदम सगळं जिवंत होईल. लोटूभाऊंच्या लायटिंगचं लग्नात होतं तसं.

मी बोट स्विचवर ठेवलं. पप्पांचा चेहरा खाली, पायरीशी, वर उचललेला. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. मागे, बसच्या दुसऱ्या टोकाला, पलंगावर मम्मीसाठी नवी चादर घातली होती, निळी, तिच्या चार कोपऱ्यांच्या घड्या पप्पांनी रुग्णालयात घालतात तशा घातल्या होत्या. धुळ्याचा रस्ता मला माहीत होता. त्या रस्त्यावर बस कशी थरथरते तेही माहीत होतं. बारा वर्षं मी तिच्यात बसले होते. ते भोक किती वेळा त्या टेपेला घासेल हे मोजणं मला शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती.

"दाब वं पोरी, मुहूर्त चालला," अक्का म्हणाल्या.

मी काहीतरी म्हणाले. ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हनते?" लोटूभाऊ पुढे आले. कुणीतरी हसलं. "मोठ्यानं बोल, मॅडम."

मी बोट काढून घेतलं, हात मागे धरला, आणि पप्पांकडे बघून म्हणाले, "मी हे चालू करणार नाही. बॅटरीपासून इथपर्यंत या वायरीला फ्यूज नाही, आणि मम्मीच्या पलंगाखाली ती पत्र्याला कापली गेलीय. मी बघितलं होतं आणि टेप लावून गप्प बसले. बॅटरी सोडवा. ही सगळी वायर काढून मी नवी घालणार आहे, आणि तोपर्यंत मम्मीला आणायला मी एस.टी.ने जाते."